दोन-तीन दिवसांपासून

“खोकला केव्हापासून येतो आहे?” असे डॉक्टरांनी मला विचारले, आणि क्षणाचाही विलंब न लावता मी उत्तर दिले, “दोन-तीन दिवसांपासून.”

माझी मुलगी शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिने माझ्याकडे मान वळवून पाहिले. भर न्यायालयात साक्षीदार भलतेच बोलू लागला म्हणजे त्याचा स्वतःचा वकील त्याच्याकडे ज्या दृष्टीने पाहतो, ती ही दृष्टी होती. “बाबा,” ती म्हणाली, “गणपतीत तुला आरती म्हणता येत नव्हती.” गणपतीचे विसर्जन होऊन त्या दिवशी सात आठवडे झाले होते! डॉक्टर काही बोलले नाहीत. त्यांनी कागदावर लिहिलेली ओळ शांतपणे खोडली आणि तिच्याखाली दुसरी लिहिली. रोग्याने सांगितलेले खोडून रोग्याच्या मुलीने सांगितलेले लिहिण्याचा त्यांना पुष्कळ सराव असावा असे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

मी स्वभावतः खोटे बोलणारा मनुष्य नाही. वाण्याची उधारी मी विसरत नाही, आणि आगगाडीत मुलीचे अर्धे तिकीट काढण्याचे वय उलटल्यावर पूर्ण तिकीट काढण्यास मी एक दिवसही चुकलो नव्हतो. मग त्या खुर्चीवर बसताच सात आठवड्यांचे दोन-तीन दिवस कसे झाले? विचार करता करता माझ्या ध्यानात आले की, हे उत्तर मी दिलेच नव्हते. ते माझ्या जिभेवर आधीपासून तयार होते. “कसे काय?” या प्रश्नाला “ठीक आहे” हे उत्तर जसे तयार असते तसे. दवाखान्याच्या बाकावर अर्धा तास बसून कान उघडे ठेवा. ताप असो, पोटदुखी असो की गुडघा असो, दहांपैकी सहा माणसांचा रोग दोन-तीन दिवसांपूर्वीच जन्माला आलेला आढळेल. या मुदतीत मोठी सोय आहे. रोग इतका जुना नाही की “इतके दिवस काय करीत होता?” म्हणून डॉक्टरांनी रागवावे, आणि इतका ताजाही नाही की “एवढ्यासाठी कशाला आलात?” म्हणून त्यांनी हसावे!

चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. यांपैकी प्रत्येकाच्या अंगी चार गुण असावे लागतात. वैद्याचे गुण कोणते असावेत याविषयी आपण सर्वजण अहोरात्र बोलत असतो. परंतु रोग्यालाही चार गुण लागतात, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत. हे गुण असे: स्मरणशक्ती, सांगितल्याप्रमाणे वागणे, निर्भयता आणि आपला रोग नीट सांगता येणे. मी त्या रात्री या चार विषयांत माझी स्वतःचीच परीक्षा घेतली, आणि चारही विषयांत मी नापास झालो.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न असता तर मी एवढे मनावर घेतले नसते. परंतु रोग्याच्या तोंडच्या हकिगतीवर किती अवलंबून असते, याचा एक हिशेब प्रसिद्ध आहे. १९७५ साली इंग्लंडात हॅम्प्टन नावाच्या डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्यरुग्ण म्हणून नव्यानेच आलेल्या ८० रोग्यांची पाहणी केली. आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि रोग्याची हकीगत ऐकून जे निदान केले, तेच ६६ रोग्यांच्या बाबतीत अखेरपर्यंत टिकले. अंग तपासल्यामुळे निदान बदलले ते सात जणांचे, आणि प्रयोगशाळेतील परीक्षांमुळे बदलले ते सात जणांचे. तेव्हापासून यंत्रे कितीतरी पटींनी वाढली आहेत हे खरे. पण कोणत्या यंत्राखाली कोणाला निजवावयाचे हे ठरविण्यासाठी डॉक्टरांना अजूनही प्रथम आपल्या तोंडाकडेच पाहावे लागते.

आता पहिला गुण, स्मृती. आपली स्मरणशक्ती दुर्बिणीसारखी वागते. दूरची वस्तू जवळ आणून दाखविते. तीन वर्षांपूर्वी झालेले दुखणे आपण “मागच्याच वर्षी” झाले म्हणून सांगतो, आणि ते सांगताना आपला स्वर अगदी प्रामाणिक असतो. मानसशास्त्रज्ञांना हा दोष फार दिवसांपासून ठाऊक आहे. १९८० च्या मे महिन्यात अमेरिकेत सेंट हेलेन्स नावाच्या ज्वालामुखीचा स्फोट झाला. पुढे लॉफ्टस आणि मारबर्गर या दोन संशोधकांनी त्याचा मोठा चतुर उपयोग केला. “गेल्या सहा महिन्यांत तुमच्यावर अमुक प्रसंग आला काय?” असे विचारण्याऐवजी “तो ज्वालामुखी फुटल्यापासून आला काय?” असे विचारले, तर लोक जुने प्रसंग मुदतीच्या आत ओढून आणीत नाहीत असे त्यांना आढळले. १९८३ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. मी ते वाचले तेव्हा मला माझी आजी आठवली. तिला सन आणि तारीख यांचे काडीइतके कौतुक नव्हते. परंतु “तुला गोवर आला तो पानशेतच्या पुराच्या पावसाळ्यात” किंवा “कोयनेचा भूकंप झाला त्या रात्री तुझ्या काकाच्या पोटात पहिल्यांदा दुखले” असे ती सांगे. पानशेतचे धरण फुटले १२ जुलै १९६१ रोजी, आणि कोयनेचा भूकंप झाला ११ डिसेंबर १९६७ रोजी. म्हणजे तिच्या त्या निरक्षर पंचांगातून आजही दिवसासकट तारीख काढता येते! माझ्या मुलीनेही नेमके तेच केले होते. तिने आठवडे मोजले नाहीत. तिने आरती आठवली.

स्मृतीचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे घराण्याची स्मृती. “आमच्या मामांना पेनिसिलिन चालत नाही” हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. प्रत्येक दवाखान्यात ते कुलाचारासारखे सांगितले जाई, आणि प्रत्येक डॉक्टर ते तांबड्या शाईने लिहून घेई. एकदा मी खोलात शिरलो तेव्हा एवढेच हाती लागले की, मामा दहा वर्षांचे असताना घशासाठी त्यांना सुई टोचली आणि ते घेरी येऊन पडले. ते औषधाने पडले, सुईच्या भयाने पडले, की सकाळपासून पोटात काही नव्हते म्हणून पडले, हे सांगणारे आता कोणी उरले नाही. अमेरिकेत दर दहा माणसांत सुमारे एकजण आपल्याला पेनिसिलिन सोसत नाही असे सांगतो. परंतु अशा लोकांची रीतसर परीक्षा केली असता दहांतील नऊहून अधिकजणांना ते निर्धास्तपणे देता येते असे ठरते. काहींचा त्रास मुळातच दुसऱ्या कारणाने झालेला असतो, आणि ज्यांना तो खरोखर झाला होता अशांपैकीही पुष्कळांचा दोष दहा वर्षांत नाहीसा होतो. म्हणून कोणी घरच्या घरी याची परीक्षा पाहू नये. दहावा मनुष्य आपणच असलो तर जिवाशी गाठ पडेल. सांगावयाचे इतकेच की, एखादी गोष्ट चाळीस वर्षे सांगितली गेली एवढ्यावरून ती चाळीस वर्षांपूर्वी घडली होती असे ठरत नाही.

दुसरा गुण आज्ञापालनाचा. येथे मात्र स्मृतीवर दोष ढकलता येत नाही. १९८६ साली काचबिंदूच्या रोग्यांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. दिलेल्या थेंबांपैकी शेकडा ९७ वेळा आपण ते डोळ्यांत घातले असे रोग्यांनी सांगितले. बाटलीत गुप्तपणे बसविलेल्या नोंदयंत्राने सांगितले, शेकडा ७६ वेळा. श्वासावाटे घ्यावयाच्या औषधाच्या फवाऱ्यांना अशीच यंत्रे लावली तेव्हा याहूनही मौजेची गोष्ट उघडकीस आली. काही रोग्यांनी दोन-तीन तासांच्या आत शंभराहून अधिक वेळा फवारा उडविला होता! डबा रिकामा दिसावा, डॉक्टरांनी शाबासकी द्यावी, म्हणून बिचाऱ्यांनी सारे औषध हवेला पाजले होते. हे वाचून मी प्रथम हसलो. मग रक्तातील साखर तपासण्याच्या आधी चार दिवस मी साखरेचा डबा कसा दृष्टिआड करतो ते आठवले, आणि माझे हसे मावळले. डॉक्टरांपुढे आपण रोगी म्हणून जातच नाही. परीक्षार्थी म्हणून जातो.

तिसरा गुण निर्भयता आणि चौथा नीट सांगता येणे, या दोहोंची फारकत करता येत नाही. कारण मनुष्य सांगत नाही तो बहुधा भितो म्हणून. आणि भय नेहमी रोगाचेच असते असे नाही; ते ऐकणाऱ्याचेही असते. आनंदीबाई जोशी यांनी अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून लिहिलेल्या पत्रात हेच मांडले होते की, आपल्या देशभगिनी पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. १८८६ साली त्यांना पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. त्यांच्या काळी रोग स्त्रीचा असे आणि हकीगत सांगे तिचा नवरा किंवा सासू. ज्याला दुखत नाही त्याने दुखणे सांगावयाचे! शिवाय सांगणाऱ्याला ऐकणाराही भेटावा लागतो. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, रोगी बोलू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला मध्येच अडवितात असे आढळले. ७४ भेटींपैकी केवळ १७ भेटींत रोग्याला आपले पहिले म्हणणे पुरे करता आले. तेव्हा दोष एकट्या रोग्याच्याच माथी मारू नये हे खरे.

परंतु माझ्या आईला ज्या डॉक्टरबाई भेटल्या त्या मध्ये अडविणाऱ्या नव्हत्या. त्यांनी तिला पुरेसा वेळ दिला होता. या गोष्टीला आता बारा वर्षे झाली. नोव्हेंबरातील एका पहाटे आई अंथरुणात उठून बसली आणि तिला बोलता येईना इतकी धाप लागली. आम्ही तिला इस्पितळात नेले. दुपारपर्यंत तिला थोडा आराम पडल्यावर त्या तरुण डॉक्टरबाई खाटेजवळ बसल्या आणि त्यांनी विचारले, “आजी, हा त्रास केव्हापासून होतो?”

“दोन-तीन दिवसांपासून,” आई म्हणाली.

“पाय सुजतात का?”

“संध्याकाळी थोडे. या वयात सुजायचेच.”

“रात्री निजताना किती उशा घेता?”

“एकच की. उशा किती घ्यायच्या असतात?”

मग त्या माझ्याकडे वळल्या. “घरी तुमच्या काही लक्षात आले होते का?” मी म्हणालो, “नाही. दोन-तीन दिवसांपासून थोडी थकल्यासारखी दिसत होती खरी.” माझे हे उत्तर सर्वस्वी प्रामाणिक होते, आणि सर्वस्वी चुकीचे होते.

त्या संध्याकाळी आईची लुगडी आणि तिचा चष्मा आणण्यासाठी मी घरी गेलो. स्वयंपाकघरात भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असे. तिच्यावर आई दुधाचा हिशेब लिही. गवळी आला की “दू”, न आला की “दू” वर काट. गॅसची टाकी, धुणेवालीचे खाडे, एकादश्या, सारे तेथे. दुधाचे पैसे द्यावयाचे राहिले असतील म्हणून मी ते पान पाहू लागलो, तो काही तारखांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेला एक बारीक “द” दिसला. प्रथम मला वाटले, हाही दुधाचाच. पण दुधाचा “दू” तर शेजारीच होता. मी मागची पाने उलटली. ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट. जुलैच्या अखेरीस पहिला “द” होता. पुढे आठवड्यातून एक, मग दोन. ऑगस्टच्या उत्तरार्धात तर ओळीने सहा दिवस. आणि त्या अक्षरापुढे कोठे १, कोठे २, ऑक्टोबरपासून बहुतेक ठिकाणी ३ असा आकडा. “द” म्हणजे दम, हे मला तेथे उभ्या उभ्या उमगले. आकडा मात्र काही केल्या उलगडेना.

ऑगस्टच्या त्या सहा दिवसांचे कारण मला सांगावे लागले नाही. त्याच आठवड्यात माझ्या पत्नीच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली होती, आणि घरातले सारे आईने एकटीने केले होते. एका घरात एका वेळी एकानेच आजारी पडावे असा तिचा नियम होता. आणि तो नियम तिने सहसा दुसऱ्यांच्या बाजूने पाळला.

दुसऱ्या दिवशी ती पाने घेऊन मी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी ती टेबलावर ओळीने मांडली आणि बराच वेळ पाहिली. “हे आकडे कसले ते मला कळत नाही,” मी म्हणालो. त्यांनी मान वर केली. “उशांचे,” त्या म्हणाल्या. “हृदय दुर्बळ होऊ लागले की आडवे निजल्यावर दम लागतो, म्हणून माणूस उशी वाढवीत जातो. एकीवरून तीनवर आल्या आहेत. इतकी चांगली हकीगत मला क्वचितच मिळते.” मग त्यांनी अगदी सौम्यपणे विचारले, “घरात उशा कमी पडत नव्हत्या का?”

पडत होत्या. दिवाळीत पाहुणे आले तेव्हा दोन उशा सापडेनात म्हणून मी घरभर शोधल्या होत्या आणि अखेर चादरींच्या घड्या करून पाहुण्यांच्या डोक्याखाली दिल्या होत्या. आईच्या खोलीत मी डोकावलो नव्हतो.

आईला जेव्हा कळले तेव्हा ती संतापली. “अरे, दुधाचा हिशेब काय डॉक्टरांना दाखवायचा असतो?” ती म्हणाली. डॉक्टरबाई हसल्या आणि मला म्हणाल्या, “तुम्ही जरा बाहेर बसा.” मी बाहेरच्या बाकावर बसलो. सुमारे पंधरा मिनिटे आतून आईचा संथ आवाज येत होता; शब्द कळत नव्हते. मी आत गेलो तेव्हा डॉक्टरबाईंच्या हातातील कागद दोन्ही बाजूंनी लिहून भरला होता. आईने त्यांना काय सांगितले हे मला आजतागायत ठाऊक नाही. इतके मात्र कळले की, ते सांगण्यासाठी मी खोलीत नसणे आवश्यक होते. आदल्या दिवशी जी खोटे बोलली होती ती डॉक्टरांशी बोललीच नव्हती. ती डॉक्टरांच्या तोंडावर माझ्याशी बोलत होती. त्यानंतर औषधे बदलली, मीठ सुटले, आणि आई आणखी चार वर्षे जगली. जुलैतच सांगितले असते तर किती जगली असती, हा प्रश्न मी कोणाला विचारलेला नाही.

इतके सारे डोळ्यांनी पाहिलेला मी, परवा डॉक्टरांपुढे बसलो आणि म्हणालो, दोन-तीन दिवसांपासून! मुलीने गणपतीची आठवण दिल्यावर डॉक्टरांनी दुसरा प्रश्न केला, “दुसरे कोणते औषध चालू आहे?” “काही नाही,” मी म्हणालो; “म्हणजे, रक्तदाबाची एक गोळी आहे, पण तिचा खोकल्याशी काय संबंध?” ती गोळी दुसऱ्या डॉक्टरांनी श्रावणात सुरू केली होती. संबंध होता तो असा की, रक्तदाबावरील एका जातीच्या गोळ्यांनी काही माणसांना कोरडा खोकला लागतो आणि गोळी चालू असेपर्यंत तो हटत नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. तीन आठवड्यांत खोकला गेला. माझ्या मूळच्या हकिगतीवर विसंबून ते राहिले असते तर मी एकामागून एक बाटल्या रिकाम्या करीत बसलो असतो, आणि दर खेपेस दोन-तीन दिवसांपासूनच खोकत राहिलो असतो.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर मी माझ्या दुखण्यांची नोंद ठेवू लागलो आहे. एकाक्षरी लिहीत नाही. पुरे शब्द लिहितो, आणि दिनदर्शिका सर्वांना वाचता येईल अशा उंचीवर टांगली आहे. परवा सकाळी तेथे माझे नसलेले एक अक्षर दिसले. मुलीने लिहिले होते, “बाबा जिना चढताना आज दोनदा थांबला.” मला तर एकदाही थांबल्याचे आठवत नव्हते. ते खोडावयास माझा हात खोडरबरापर्यंत गेला होता. पण मला त्या दोन उशा आठवल्या. आणि ती ओळ मी तशीच राहू दिली.